मूल्यमापनाचा शेरा आणि अडकलेला बोनस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतल्या अनेक कार्यालयांत अप्रेझलची पत्रं हाती पडतात. ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असा शेरा वाचला की काही जण मुकाट सही करतात, काही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तावातावाने बोलतात. दोन्हींत कागदावर काहीच उरत नाही, आणि बोनस तर कागदावरच ठरतो.

सही करावी, पण शेजारी ‘पत्र मिळाले, शेरा मान्य नाही’ असं लिहून तारीख घालावी. संगणकावर नुसतं ‘स्वीकारा’चं बटण असेल, तर त्याच दिवशी एचआरला तसं ईमेलने कळवावं. फेरविचाराची मुदत कंपनीच्या धोरणात दिलेली असते, ती आधी काढून वाचावी.

मग गणित मांडावं. वर्षारंभी ठरलेल्या चार उद्दिष्टांना 40, 30, 20 आणि 10 टक्के वजन असेल आणि पाचपैकी अनुक्रमे 4, 3, 3, 2 गुण मिळाले असतील, तर उत्तर 3.3 येतं. पत्रात 2 छापलं असेल तर गुण कुठल्या टप्प्यावर, कोणी आणि का कापले, हे लेखी विचारा. पुष्कळदा कारण ‘बेल कर्व्ह’ असतं: विभागात अमुक इतक्यांनाच वरची श्रेणी द्यायची, म्हणून कोणाला तरी खाली ढकललं जातं. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या रजेनंतरही उद्दिष्ट बारा महिन्यांचंच धरणं हा तर सरळ अन्याय आहे. तो फेरविचाराच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात यावा.

‘साहेब पक्षपात करतात’ असं लिहू नये. चर्चा मग स्वभावावर जाते आणि आकडे बाजूला पडतात. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल खासगी खात्यावर पाठवणंही टाळा, गोपनीयतेच्या कलमाखाली तेच अंगाशी येतं. मेलची तारीख आणि विषय अर्जात नोंदवला की पुरतं.

एक गल्लत मात्र फार महाग पडते. कामगिरीवर ठरणारा ‘व्हेरिएबल पे’ वेगळा आणि कायद्याचा बोनस वेगळा. 1965चा जुना बोनस कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आलेली 2019ची वेतन संहिता, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्याचा 8.33 टक्के किमान बोनस वाईट शेऱ्यामुळे बुडत नाही. अफरातफर, चोरी, हिंसक वर्तन अशा ठरावीक कारणांसाठी बडतर्फ झालेल्यांनाच तो नाकारता येतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो मिळाला नाही, तर खासगी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार द्यावी.

आपला,
एक वाचक, मुलुंड