सोलरचा डबा घरी बांधा, पण फ्यूज डीसीचाच लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या किनारपट्टीवर हल्ली घरी बांधलेल्या सोलर डब्याचा, म्हणजे वीज गेल्यावर दिवे-पंखा चालवायला सोलर पॅनेलवर भरणाऱ्या लिथियम बॅटरीच्या पेटीचा, विषय हमखास निघतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. खांबच आडवे झालेले, वायरमन तरी काय करणार? तेव्हा पोरं आता स्वतः डबे बांधू लागली याचा मला आनंदच आहे. मी एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होतो, उमर चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्यांत गेली. त्यामुळे बिघडलेले डबे माझ्या पडवीत येतात. उघडून बघावं, तर बहुतेकांत फ्यूजच नसतो.

'काका, बीएमएस आहे ना!' हे ठरलेलं उत्तर. बीएमएस म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, तो हवाच. लिथियम लोह-फॉस्फेट प्रकारच्या एकेका सेलचं व्होल्टेज ३.६५ च्या वर चढू लागलं किंवा अडीचच्या खाली उतरू लागलं की तो तोडतो. पण तोही एक इलेक्ट्रॉनिक पट्टीच. तिच्यातला मॉस्फेट, म्हणजे प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक खटका, जळून आतल्या आत जुळला, तर तोडणार कोण? शॉर्ट झालेला लिथियमचा संच शेकडो अँपिअर ओततो. वायरवरचं प्लॅस्टिक पेटायला तेवढं पुरतं. म्हणून पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा, आणि तो वायरला झेपेल एवढ्याच अँपिअरचा.

तो आणायला बाजारात जावं तर दुकानदार घरातल्या बोर्डाचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा खटका, पुढे करतो. हे मात्र थांबलं पाहिजे. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तोडताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तो शून्यावर येतच नाही. ठिणगी धरून राहू शकते. एमसीबीवर डीसीचं रेटिंग छापलेलं नसेल तर तो घेऊ नका. बारा व्होल्टच्या डब्याला गाडीचा पात्याचा फ्यूज चालतो, किमतीलाही किरकोळ असतो.

सेलबद्दलही सांगतो. जुन्या लॅपटॉपचे सेल फुकट मिळतात म्हणून पोरं तेच जोडतात. माझं मत स्पष्ट आहे: घरात ठेवायच्या डब्यात ते नकोत. ते तापले की आतूनच ऑक्सिजन सुटतो आणि आग आवरत नाही. लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये ऑक्सिजन फॉस्फेटला घट्ट बांधलेला असतो, म्हणून ते त्या मानाने शांत. (या रसायनावरच्या १९९७ च्या मूळ शोधनिबंधात पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय शास्त्रज्ञाचं आहे. त्यांचे मार्गदर्शक गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, पाढींचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?) ऑनलाइन ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमता छापलेले १८६५० आकाराचे सेल मिळतात, ती शुद्ध थाप. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात.

सहा अँपिअर-तासाचे ३२७०० आकाराचे वीस लोह-फॉस्फेट सेल घ्या. पाच-पाच समांतर, असे चार गट ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट, ३८४ वॉट-तास होतात. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास, बारा व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर आणि घरातले मोबाइल एवढं त्यावर आरामात निभतं. फ्रिजचं नाव काढू नका. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर लोह-फॉस्फेटच्या सेटिंगवरच ठेवा, आणि आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. भर पावसात शंभर वॉटचं पॅनेल कधी वीस वॉटही देत नाही, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. म्हणून वादळाचा इशारा आला की डबा आदल्या दिवशीच घरच्या लाइटीवर पूर्ण भरून ठेवा. त्यासाठी चार्जर १४.६ व्होल्टचा, लोह-फॉस्फेटचाच हवा.

आपल्या दैनिकामार्फत तालुक्यांच्या आयटीआयना विनंती आहे. वायरमन-इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये दर मे महिन्यात दोन दिवस गावातल्या पोरांना डबे घेऊन बोलवा. तिथे मल्टिमीटर आहे, वायरच्या टोकाला लग (धातूचं टोपण) दाबायचं हत्यार आहे, शिकवणारेही आहेत. त्याच दिवशी निकामी सेल गोळा करून रीतसर पुनर्वापराला पाठवता येतील; आज ते सरळ उकिरड्यावर पडतात. दापोलीत हे ठरलं तर शिकवायला मी विनामोबदला येईन. फ्यूज तेवढे संस्थेने आणावेत.

आपला,
एक निवृत्त आगार इलेक्ट्रिशियन
ता. दापोली, जि. रत्नागिरी