मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र : रात्री आठ वाजता पोलीस ठाण्यात किती जण असतात?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : तालुक्याच्या शहरांतील पोलीस ठाण्यांत प्रत्यक्ष हजर असलेले संख्याबळ आणि गुन्ह्यांची नोंद

महोदय,

कराड, बारामती, पंढरपूर, चाळीसगाव. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजार ते लाखभर वस्तीची ही शहरं. इथे पोलीस आयुक्त नसतो. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक दुसऱ्या गावी बसतात. त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्यांना लोक अजूनही डीवायएसपी साहेबच म्हणतात, आणि त्यांच्या खाली शहर ठाण्याचे निरीक्षक. एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा), सायबर ठाणे, श्वान पथक, ठसे तज्ज्ञ, नियंत्रण कक्ष हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी. शहरातल्या माणसाच्या वाट्याला पोलीस खातं म्हणून येतं ते एक टेबल: आलेल्याची तक्रार लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराचं. त्या टेबलाबद्दलच हे पत्र आहे.

शहर वाढलं की आयुक्तालयाची मागणी होते. आमची ती मागणी नाही. आयुक्तालयामुळे शांतता राखण्याच्या बंधपत्रासारखी कामं पोलिसांच्याच हातात येतात, हे खरं. जिल्ह्यात तेच प्रकरण तहसीलदारांपुढे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालतं, तारखा पडतात, आणि भांडणारे दोन शेजारी तोवर पुन्हा एकमेकांच्या दारात उभे राहतात. पण त्याहून आधीची अडचण साधी आहे. ठाण्यात माणसं नसतात.

विधानसभेत उत्तर देताना मंजूर पदं आणि रिक्त पदं एवढे दोनच आकडे सांगितले जातात. प्रत्यक्ष हजर किती, हा तिसरा आकडा कुणी विचारत नाही, आणि सगळं त्यावरच चालतं. उदाहरणादाखल ९० अंमलदार (शिपाई, हवालदार) मंजूर असलेलं शहर ठाणं घेऊ. संख्या हिशेबासाठी धरलेल्या आहेत, पण ठाण्यात हजेरी लावणारा कुणीही हा हिशेब ओळखेल.

१० पदं रिक्त, राहिले ८०. मुख्यालय, डीवायएसपी कार्यालय, एलसीबी, वाहतूक शाखा, अंगरक्षक अशा ठिकाणी 'संलग्न' केलेले १२. यांचा पगार या ठाण्याच्या नावावर निघतो, पण काम दुसरीकडे चालतं. राहिले ६८. रजा, आजारपण, प्रशिक्षण यात ८ गेले, राहिले ६०. साप्ताहिक सुट्टी दिली तर रोज ८ जण घरी, राहिले ५२. आता कागदाची कामं: क्राईम रायटर, मुद्देमाल कारकून, बारनिशी (आवक-जावक नोंद), हजेरी, गोपनीय, सीसीटीएनएस (गुन्हे नोंदीची संगणक प्रणाली), पासपोर्ट, समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी. यात १६ जण अडकतात. राहिले ३६. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या की एका पाळीला १८. त्यातले ३ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, २ लॉकअप गार्डला, ३ डायल ११२ या तातडीच्या मदत क्रमांकाच्या गाडीवर. सरकारी दवाखान्यात दाखल आरोपीवर पहारा आणि एखादा फिक्स पॉइंट (कायम पहाऱ्याची जागा) यात आणखी ३. हातात उरले ७. शहरात बीट, म्हणजे गस्तीचे भाग, सहा.

आणि हा शांततेचा दिवस. गणपती, मोहरम, निवडणूक, आषाढी वारीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा यांपैकी काहीही आलं की पहिला हात या सातांवर पडतो. बीटवरचा माणूस हलवला तर त्या दिवशी कुणाची तक्रार येत नाही, म्हणून तोच हलवला जातो. मंत्र्यांच्या दौऱ्यात आपला दौराही आला, महोदय. ताफा शहरातून जायला वीस मिनिटं लागतात. रस्त्यावर माणसं उभी राहतात ती सकाळपासून.

आठ तासांची पाळी २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून सुरू झाली, आणि ते योग्यच होतं. वरच्या हिशेबात तिसरी पाळी काढली तर ३६ चे तीन भाग, प्रत्येकी १२. टेबल, लॉकअप, गाडी आणि पहारा यांनाच ११ लागतात. सहा बीटना एक अंमलदार. छोट्या शहरांत आठ तासांची ड्युटी कागदावरून खाली का उतरत नाही, याचं कारण या वजाबाकीत आहे. अधिकाऱ्यांच्या इच्छेशी त्याचा फार संबंध नाही.

आता त्या टेबलाजवळ येऊ. आठवडी बाजाराचा दिवस, संध्याकाळचे साडेसात. भाजी घेताना पिशवीतला मोबाइल गेला म्हणून एक बाई ठाण्यात येते. एका हाताने वायरलेस, दुसऱ्याने स्टेशन डायरी सांभाळणारा हवालदार, समोर मारामारीतले दोघे मेडिकल यादीची (दवाखान्यात तपासणीला पाठवायच्या पत्राची) वाट बघत, बाजूला सीसीटीएनएसचा संगणक. चोरीचा गुन्हा दाखल करायचा तर जबाब लिहून घ्यायचा, टाइप करायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायची, गुन्हा रजिस्टर नंबर पाडायचा, तपास कुणाकडे द्यायचा ते निरीक्षकांना विचारायचं, आणि फिर्यादीला प्रत मोफत द्यायची. नीट केलं तर तासाहून जास्त जातो. मोबाइल 'गहाळ' झाल्याची नोंद मात्र दहा मिनिटांत होते. त्या बाईला गहाळ दाखला मिळतो. सिम कार्डासाठी तो चालतो, म्हणून ती समाधानाने घरी जाते.

इथे चोरी नाहीशी होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे, त्यावरची दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येतो अशी. आज साधा स्मार्टफोनही त्या रकमेच्या वर जातो. म्हणजे गुन्हा नोंदवणं बंधनकारक. गहाळ नोंदीवर तपासी अंमलदार नेमला जात नाही, बाजारातल्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण कुणी मागत नाही, आणि दुकानांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) काही दिवसांत जुनं चित्रण आपोआप पुसून टाकतात. सीईआयआर या हरवलेल्या फोनांच्या सरकारी पोर्टलवर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक टाकून फोन बंद करता येतो, त्यात नवं सिम पडलं तर माहितीही येते. पण ती माहिती घेऊन त्या पत्त्यावर जाणारा माणूस कोण? नोंद गहाळची असेल तर हे काम सगळ्यात शेवटी जातं. एकाच बाजारात एका महिन्यात किती खिसे कापले गेले, हे ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरवरून कधीच कळत नाही, म्हणून त्या बाजारात साध्या वेशातली दोन माणसं लावावीत हेही कुणाला सुचत नाही.

सगळा दोष अपुऱ्या माणसांचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. दुसरं कारण दर महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये आहे. तिथे प्रत्येक ठाण्याचे दाखल किती, उघड (छडा लागलेले) किती, प्रलंबित किती असे आकडे मांडले जातात. दाखल वाढले की निरीक्षकाला उभं केलं जातं. उघड न होणारी चोरी नोंदवली की टक्केवारी पडते. मग ठाणे अंमलदाराला तोंडी सूचना मिळते, जी कुठल्याच डायरीत येत नाही: आधी अर्ज घ्या, चौकशीवर ठेवा.

या 'अर्जा'वर आपण स्वतः लक्ष घालावं अशी विनंती आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करायची, ठाण्याच्या हद्दीचा प्रश्न न काढता, हे तिचं कलम १७३ सांगतं. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही घ्यायची. प्राथमिक चौकशीची मुभा फक्त तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, तीही डीवायएसपींच्या परवानगीने आणि चौदा दिवसांत संपवायची. त्याआधी २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवलीच होती. तरीही अर्ज दोन-दोन महिने बीट हवालदाराच्या पिशवीत राहतो, कारण अर्जाची मुदत कुणी मोजत नाही. अर्ज घेताना तारीख, वेळ आणि बारनिशी क्रमांक घालून पोच दिली, आणि चौकशीची परवानगी ज्या क्रमांकाने घेतली तो त्याच पोचेवर लिहिला, तर चौदा दिवस कधी संपले हे अर्जदाराला घरबसल्या कळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. महासंचालकांचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

नोंद नाकारली तर अधीक्षकांना लेखी कळवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा, अशी वाट त्याच कलमात आहे. छोट्या शहरातल्या माणसासाठी ती जिल्ह्याच्या गावची वाट आहे: एसटीचं भाडं, एक बुडालेला रोजगार, आणि साहेब दौऱ्यावर असतील तर पुन्हा एकदा तेच. अधीक्षकांनी महिन्यातला ठरलेला एक दिवस प्रत्येक उपविभागाच्या ठिकाणी याच नाकारलेल्या तक्रारींसाठी बसावं. तारीख आधी जाहीर करावी.

नाकारलं की नाही, याचा पुरावा ठाण्यातच मिळू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावून चित्रण अठरा महिने, आणि तेवढी साठवण शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं. कॅमेरा लॉकअपवर असतो, फाटकावर असतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल असा तो आहे का, हे जिल्हास्तरीय समितीने ठाणेनिहाय तपासून कळवावं. याचा फायदा अंमलदारालाही आहे. त्याच्यावर खोटे आरोप झाले तर तेच चित्रण त्याला वाचवेल.

तपासाचं थोडक्यात सांगतो. कायदा-सुव्यवस्था आणि तपास वेगळे करा, हे २००६ च्या प्रकाश सिंग निकालात आहे. तालुक्याच्या शहरात मात्र सकाळी पंचनामा करणारा उपनिरीक्षक दुपारी मिरवणुकीत असतो आणि रात्री गस्तीला. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, पण मोबाइल आणि डेटा बऱ्याचदा अंमलदाराच्या स्वतःच्या पदरचा. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ म्हणतं. हे कळवणं कुणाच्या कामाच्या यादीतच नाही. पाच उपनिरीक्षक असतील तर निदान दोघांना बंदोबस्तातून पूर्ण मोकळं ठेवून फक्त तपास द्यावा. निरीक्षक आणि उपनिरीक्षकांना ठाण्यात दोन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ पासूनच्या दुरुस्तीत आहे. तो पाळला नाही की प्रत्येक बदलीबरोबर केस डायऱ्या हात बदलतात आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.

मुद्देमालाचं दृश्य आपण पाहिलं असेल. ठाण्याच्या आवारात गंजलेल्या मोटारसायकली, त्यांच्या सीटमधून उगवलेलं गवत, चाकाला सुतळीने बांधलेलं गुन्हा नंबरचं विटलेलं लेबल. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने वाहनं अशी वर्षानुवर्षे पडू देऊ नका असं सांगितलं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे जप्त मालाचं न्यायालयापुढे चौदा दिवसांत वर्णन, फोटो आणि चित्रीकरण झालं की तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. अडतं कुठे? ठाण्याच्या बाजूने यादीच वेळेवर जात नाही, कारण मुद्देमाल कारकून एकच असतो, आणि तो बदलला की जुन्या मालाचा ताबा घ्यायला नवा कारकून घाबरतो. रजिस्टरमधला एखादा जिन्नस कमी भरला तर जबाबदारी त्याच्यावर. दर वर्षी एकदा डीवायएसपींच्या समक्ष मुद्देमालाची मोजणी करून ताबा नव्याने लिहून दिला तर ही भीती जाईल.

डायल ११२ बद्दल एकच. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणि मग गाडीतल्या एमडीटीवर (संदेशाच्या पडद्यावर) येतो. माणूस सांगतो 'जुन्या स्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीजवळ', आणि नकाशात ना जुना स्टँड असतो ना गिरणी. शहरातली अशी बोलीभाषेतली शे-दोनशे ठिकाणं बीट अंमलदारांना तोंडपाठ असतात. ती लिहून घेऊन नकाशात भरणं हे आठवड्याभराचं काम आहे. आणि ही गाडी कुठल्याही कारणाने बंदोबस्ताला जाऊ नये.

मूळ मागणी पुन्हा संख्याबळाचीच आहे, पण भरतीची नाही. भरती होईल तेव्हा होईल. प्रत्येक शहर ठाण्याच्या दर्शनी भागात एक फळा लावावा. त्यावर रोज सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता चार आकडे लिहावेत: मंजूर, संलग्न, बंदोबस्तात, प्रत्यक्ष हजर. खाली त्या पाळीच्या ठाणे अंमलदाराचं आणि ठाण्यात हजर महिला अंमलदाराचं नाव. प्रत्येक बीटला एक, टेबलाला तीन त्यांत एक महिला, आणि ११२ ची पूर्ण गाडी, एवढी माणसं राखीव ठरवून ती कुठल्याही दौऱ्याला, मिरवणुकीला किंवा कार्यालयाला काढता येणार नाहीत असा आदेश असावा. काढायचीच वेळ आली तर अधीक्षकांच्या लेखी सहीने, कारण नमूद करून. संलग्न माणसं तीन महिन्यांत मूळ ठाण्यात परत पाठवावीत, किंवा त्यांची पदं जिथे काम चालतं तिथे वर्ग करून ठाण्याला नवी पदं द्यावीत.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करता येईल. तीन महिने फळ्यावरचे आकडे आणि त्याच काळातल्या 'गहाळ' व 'चोरी' या दोन रजिस्टरांतल्या नोंदी शेजारी ठेवून आपल्या कार्यालयात मागवाव्यात. फॉर्म एका पानाचा होईल. तो आम्ही तयार करून सोबत पाठवत आहोत.

आपले,
तालुक्याच्या शहरांत फौजदारी काम करणारे वकील, निवृत्त पोलीस अंमलदार आणि नागरिक