अँबॅसेडरची चुलतबहीण

ॲबिंग्डन,
रविवार, दुपार

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

पुतण्याने एमजी हेक्टर घेतल्याचं कळलं, अभिनंदन सांग त्याला. "ही एमजी चिनी की इंग्रज?" असं विचारलंयस. ब्रँडचा मालक आज चिनी, गाडी बनते गुजरातेत हलोलला, आणि नाव मात्र मी राहतो त्याच गावातून जगभर गेलं. आता विचारलंच आहेस तर सगळं ऐकून घे.

ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसचं मॉरिस गॅरेजेस होतं. तिथला मॅनेजर सेसिल किंबर मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर देखणी, हलकी बॉडी चढवून विकायला लागला. त्याच एमजी. १९२९ साली कारखाना इथे ॲबिंग्डनला आला. मधली तीस-पस्तीस वर्षं गाळतो, कारण माझा जीव अडकलाय १९६२ सालच्या एमजीबीत. दोन सीटा, वर टप नाही, बसलास की बूड जवळजवळ रस्त्याला टेकतं.

माझ्या शेजाऱ्याकडे एक आहे, गर्द हिरवी. पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलेलं पाहिलं तेव्हा मला थेट अप्पांची अँबॅसेडर आठवली. आठवणारच! दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं इंजिन १४८९ सीसीचं. एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्येही सुरुवातीला तेवढंच होतं. एमजीबीसाठी ते १७९८ सीसीपर्यंत वाढवलं, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर लावले आणि ९५ हॉर्सपॉवर काढली. ताशी शंभर मैलांच्या थोडी पुढे जायची, बस्स. लोक जॅग्वार ई-टाइपवर जीव टाकतात. टाकोत बापडे. ती बघायची गाडी. ही शाळामास्तरालाही परवडायची, आणि बिघडली तर रविवारी घरच्या घरी दुरुस्त व्हायची. माझ्या मते तिची खरी गंमत वेगात नाहीच, या साधेपणात आहे.

तुला आवडेल असं एक सांगतो. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतायत की नाही हे शेजारी कानाने ठरवतो. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. वर कार्ब्युरेटरच्याच पिस्टनच्या नळकांड्यात थेंबभर तेल. तुझ्या गॅरेजातला कुठलाही पोरगा दोन दिवसांत शिकेल. नखरेही आहेत म्हणा: बरीच वर्षं बॅटऱ्या दोन होत्या, सहा-सहा व्होल्टच्या, आणि त्याही सीटमागे फरशीखाली. पाणी बघायचं तर आधी सामान उपसा. शिवाय १९६७ पर्यंत अर्थिंग पॉझिटिव्ह, बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला, नेहमीच्या उलटं, म्हणजे नवख्याने रेडिओ लावायला घेतला की धूर ठरलेला.

बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या, आणि तिथल्याच नियमांनी घात केला. धडकेचे नियम आले म्हणून १९७४ साली चकचकीत क्रोमचे बंपर काढून काळ्या रबराचे थोराड बंपर लावले. हेडलाइट, बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून गाडीच उचलली. मग काय, वळणावर झुलायला लागली. सुधारणेला पैसा नव्हता, वर पौंड महागला. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने कारखान्याची पन्नाशी थाटात साजरी केली आणि लगेच मालकांनी कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. असला कोडगेपणा! ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून जास्त झाल्या होत्या.

पण गाडी काही मरत नाही. जुने साचे शोधून १९८८ पासून तिची कोरी बॉडीही मिळायला लागली. खिशात पैसे हवेत, बाकी सगळं मिळतं.

मे महिन्यात ये. त्या सुमारास पाऊस जरा दम धरतो. शेजाऱ्याला तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय. त्याच्या गाडीच्या टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा, आवाज येतोय, तिथली फट पंधरा थाऊला (इंचाच्या पंधरा हजारांशाला) सेट करायचीय, आणि त्याची नजर आता तितकीशी चालत नाही. तू हात लावशील असं मी परस्पर कबूल करून टाकलंय, तेव्हा अप्पांचा फीलर गेज, तो फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा, चेक-इनच्या बॅगेत टाक. हातात ठेवलास तर विमानतळावर काढून घेतील.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक