आई, तुझ्या चपला गेल्या

सातपूर, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी कबुली. तू दिवाळीला आलीस की घालतेस त्या, टाचदुखीसाठी मेन रोडवरून आणलेल्या मऊ तळव्याच्या चपला आता घरात नाहीत. त्या पंढरपूरच्या वाटेवर आहेत.

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते आणि वाटेत आमच्या सातपूरलाही मुक्काम असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा कॉलनीने चहा-केळी ठेवली होती. धाकट्याकडे बिस्किटपुड्यांचं काम दिलं. दहा मिनिटांत तो कंटाळला आणि कट्ट्यावर टेकलेल्या एका म्हातारीसमोर जाऊन उभा राहिला. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. ती गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती, गाठ पुन्हा सुटत होती. हा टक लावून बघत राहिला. मग पळत घरी गेला आणि तुझ्या चपला छातीशी धरून आला.

मी म्हटलं, "अरे, आजीच्या आहेत त्या! विचारायला नको?"

"आजी तर दिवाळीला येते. ह्या आजीला उद्याच चालायचंय."

त्या बाई आधी नकोच म्हणत होत्या. शेवटी घातल्या, दोन पावलं चालून बघितल्या आणि "माउली" म्हणत वाकून त्याच्याच पायाला हात लावला! वारीत लहानथोर बघत नाहीत, पण त्याला कुठलं कळायला? तो घाबरून माझ्या मागे लपला. रात्री अंथरुणात विचारतो, "चपला मी दिल्या, मग तीच का पाया पडली?" मला धड उत्तर देता आलं नाही. बाबा, तुम्हीच फोनवर सांगा.

आणि हो, तुम्ही काय म्हणाल तेही माहीत आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! ते मीही त्याला ऐकवलं.

पण मनातून बरं वाटलं, कारण गेल्या वर्षी मीच घोळ घालून ठेवला होता. फ्रिजवर तक्ता लावला होता, मदत केली की एक स्टार, पाच स्टारला चॉकलेट. महिनाभर घर कसं चकाचक! मग थोरलीला ताप आला, तिने पाणी मागितलं, तर हा विचारतो, "किती स्टार?" त्याच दिवशी तक्ता काढला. पुढे वाचनात आलं, २००८ साली वार्नेकन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी वीस महिन्यांच्या पोरांवर प्रयोग केला होता. हातातून पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं, ती पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही, ती देतच राहिली. म्हणजे इतक्या लहानपणी ते आत असतंच, मी उलट त्याला भाव लावून बसले होते.

आई, तू मला कधी काय दिलंस? भरताची वाटी हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "शेजारच्या काकूंना दे, गार व्हायच्या आत." एवढंच. परत आल्यावर शाबासकी नाही, काही नाही. तेव्हा राग यायचा, खरं सांगते. जिन्यात एकदा वाटीतलं बोटाने चाटूनही घेतलं होतं.

आता नव्या चपलांचं. त्याने गल्ला फोडला, पासष्ट रुपये निघाले. उरलेले मी घालणार आहे, पण दुकानात तोच येणार असं बजावलंय. तुझा नंबर मला नेमका आठवत नाही, आणि टाचेला सूज असेल तर नंबरावर जाऊनही उपयोग नाही. कागदावर पाऊल ठेव, बाबांकडून पेन्सिलने कडेने रेघ मारून घे आणि पाठव. दोन्ही पायांची. डावा तुझा जरा मोठा आहे.

तुमची,
ताई