व्हेल शार्क म्हणजे देवमासा नव्हे!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फिलिपिन्समधल्या ओस्लोबवरचा लेख वाचला. लेखिकेची सुट्टी झकास गेली, आनंद आहे. पण तिथे पाहिलेल्या व्हेल शार्कला त्यांनी देवमासा म्हटलंय, तो देवमासा नव्हे हो! देवमासा सस्तन, पिल्लांना दूध पाजणारा. हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा, आपल्या बाजारातल्या मुशीचा थोरला भाऊबंद. नावात ‘व्हेल’ आलं म्हणून लगेच त्याचा देव करायचा?

आणि लेखातली ही ‘अथांग सागरातली अवचित भेट’ कसली? २०१९ साली आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर तिथे जाऊन आलो. सेबू शहरातून मध्यरात्रीनंतर बसमध्ये कोंबलं, उजाडताना तानआवानच्या किनाऱ्यावर उतरवलं. सूचना झाल्या: हात लावू नका, चार मीटर लांब राहा, अंगाला सनस्क्रीन नको. मग नावा एका ओळीत उभ्या केल्या, आणि पुढच्या होडीतला माणूस मुठीमुठीने जवळा पाण्यात टाकू लागला. हो, जवळाच, आपण कांद्यावर परततो तसला. मासे तोंडाचा आ करून पाण्यात उभेच्या उभे, होडीच्या मागे मागे. पोहणं आलं ते आमच्याच वाट्याला, तेही लाइफ जॅकेट घालून नावेचा बांबू धरून. चार मीटरचं म्हणाल तर शेजारच्या नावेतल्या तरुणाची लाथ माशाला बसलेली मी पाहिली. एकाच्या ओठाची कातडी घासून पांढरी पडली होती. सौभाग्यवती नावेतूनच म्हणाली, ‘‘अहो, हे तर गोठ्यात आंबोण घातल्यासारखं आहे!’’ अर्ध्या तासाने पुढची तुकडी.

दुपारी बारा वाजता सगळं बंद. समुद्राला कार्यालयीन वेळ असते हे मला तिथे कळलं.

हे खाऊ घालणं तिथे २०११ च्या सुमारास सुरू झालं. आयतं मिळतं म्हणून काही मासे महिनोन्‌महिने तिथेच रेंगाळतात. त्याच देशात डोनसोल नावाचं गाव आहे, तिथे खाऊ घालायला बंदी. दिसला तर दिसला, नाही तर हात हलवत परत. लेखिकेने त्याचा साधा उल्लेखही करू नये? आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी याच माशाची शिकार चालायची, २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. एक चौकट तरी द्यायची! जागा नव्हती म्हणावं, तर नावेत बसलेल्या लेखिकेचे तीन फोटो छापलेत, माशाचा एक, तोही शेपटीचा.

जाता जाता. गेल्या महिन्याच्या शब्दकोड्यात ‘जगातला सर्वांत मोठा मासा, चार अक्षरी’ याचं उत्तर तुम्ही ‘देवमासा’ दिलं होतंत. तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, पण नेमकं हेच वाक्य गाळून. आणि कोड्याच्या चौकोनांचा आकार हल्ली इतका बारीक केला आहे की भिंग घेऊन बसावं लागतं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे