टॅरँटुला हातावर घेतलेला फोटो छापू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वेगळ्या पाळीव प्राण्यांवर लेख आला होता, त्यात एका मुलाच्या तळहातावर बसवलेल्या टॅरँटुलाचा (म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचा) भला मोठा फोटो बघितला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात सगळं चावतो का, विषारी आहे का एवढंच. पण त्या फोटोत मुलापेक्षा कोळ्याच्या जिवाला धोका जास्त आहे हो, ते कुणीच लिहिलं नाही.

टॅरँटुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी. मुलगा दचकला, हात झटकला आणि कोळी कमरेइतक्या उंचीवरून जरी फरशीवर पडला तरी पोट फुटू शकतं, आतला द्रव वाहून गेला की संपलं. पाय सरळ करायलाही त्याला त्याच द्रवाचा दाब लागतो, म्हणून तर मेलेल्या कोळ्याचे पाय आत दुमडलेले दिसतात.

हे माहीत नसल्यामुळे मी स्वतः टॅरँटुलाची मादी पाळली तेव्हा पहिल्या वर्षी मोठी चूक करणार होतो. सकाळी बघतो तर बाई पाठीवर उताणी, पाय वर, हालचाल नाही, मला वाटलं गेली, टाकून द्यायला डबा उचललासुद्धा. ती कात टाकत होती! काही तासांनी जुनी कात बाजूला पडलेली आणि ही नवी कोरी, विषदंत पांढरेफटक आणि मऊ. अशा वेळी डब्यात जिवंत रातकिडा राहिला तर तोच हिला कुरतडतो, आणि दात कडक होईपर्यंत काही दिवस खायलाही द्यायचं नसतं.

शिवाय अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती घाबरल्या की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतात, ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना ते केस नाहीत पण त्यांचं विष जास्त त्रास देतं, काहींच्या चाव्याने स्नायूंना पेटके येतात. आणि हातात घेतल्याने कोळ्याला लळा वगैरे काही लागत नाही.

अजून एक, असे फोटो बघून मागणी वाढते. काही जातींच्या माद्या 20 वर्षांहून जास्त जगतात पण वयात यायलाच कित्येक वर्षं घेतात, जंगलातून उचलल्या तर ती जागा लवकर भरत नाही. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरँटुला 1985 मध्येच साइट्स करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) घ्यावा लागला, आणि भारत-श्रीलंकेतले झाडावर राहणारे पोइसिलोथेरिया टॅरँटुला 2019 मध्ये. त्यामुळे कोळी बंदिस्त पैदाशीतला आहे की जंगलातून पकडलेला, हा प्रश्न लेखात पहिला यायला हवा होता.

पुढच्या वेळी फोटो हवाच असेल तर डब्यात, आपल्या बिळाच्या तोंडाशी बसलेल्या कोळ्याचा छापा. तोही सुंदरच दिसतो.

आपला,
एक वाचक