वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणणारे आम्ही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्याकडं गल्लीतल्या गटारीपासून सीमाप्रश्नापर्यंत सगळ्यावर पत्रं येतात, फुटबॉलवर सहसा येत नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी टिळकवाडीचा, शाळेत लेफ्ट बॅक खेळायचो, आता गुडघे बोलायला लागलेत त्यामुळे रविवारी सकाळी लेले ग्राऊंडवर जाऊन पोरांचा खेळ बघायचा आणि नंतर चहाच्या गाड्यावर उभं राहून वाद घालायचा एवढंच उरलंय. तर गेल्या रविवारी तिथं लै जोराचं वाजलं. एक पोरगा स्पेनच्या बार्सिलोना क्लबच्या जर्सीत (माझा पुतण्याच), दुसरा इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या, आणि विषय काय तर कुणाच्या क्लबचा कारभार जास्त घाणेरडा. सिटीवाला म्हणालाय तुम्ही रेफ्रींच्या साहेबाला पैसे दिलात, पुतण्या म्हणालाय तुमच्यावर 115 आरोप आहेत आधी ते बघ की. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या क्लबबद्दल दोघंही अगदी एकच वाक्य बोलालेत, "आम्हाला मुद्दाम अडकवालेत, जळतात सगळे आमच्यावर."

हे वाक्य मी आधी कुठं ऐकलंय ते काही केल्या आठवेना. घरी जाताना रेल्वे गेट पडलं होतं, तिथं थांबलो असताना आठवलं. आमच्या पतसंस्थेत. नाव घेत नाही. बरीच वर्षं लाभांश वेळेवर मिळायचा, वार्षिक सभेला शिरा-उप्पीट, जाताना हातात स्टीलचा डबा, अहवाल वाचून झाला की मागच्या बाकावरून 'मंजूर, मंजूर', त्यात माझाही आवाज असायचा. मग एके दिवशी ठेवी मिळेनात, चेअरमनवर केस झाली, तरी निम्मे सभासद म्हणतात साहेब चांगले आहेत हो, हे राजकारण आहे. आईच्या नावची ठेव होती तिथं, निम्मी अजून अडकलीय.

आता बार्सिलोनाचं बघा, कारण मी रोनाल्डिन्होच्या वेळेपासून त्यांचाच माणूस. हा क्लब कुणा शेठजीचा नाही, सभासदांचा आहे, लाखाच्या वर सभासद, ते मत देऊन अध्यक्ष निवडतात, म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच झालं की. 2020 च्या फेब्रुवारीत बातमी आली की क्लबनं ज्या कंपनीला पैसे मोजले तिनं सोशल मीडियावर क्लबच्याच खेळाडूंची, मेस्सी-पिकेची, बदनामी चालवली होती. क्लबनं नाही म्हटलं. एप्रिलमध्ये सहा संचालक राजीनामा देऊन बाहेर पडले. एवढं होऊन सभासद काय करालेत? काही नाही. मग 14 ऑगस्टला लिस्बनमध्ये जर्मनीच्या बायर्ननं 8-2 नं धुतलं आणि दहा-बारा दिवसांनी मेस्सी म्हणाला मी चाललो, तेव्हा कुठं लोक खडबडून जागे झाले. अध्यक्ष बार्तोमेऊंवरच्या अविश्वास ठरावाला मतदारांच्या 15 टक्के म्हणजे 16,520 सह्या लागत होत्या, कोरोनाच्या दिवसांत वीस हजारांवर जमल्या. बार्तोमेऊंनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि 1 मार्च 2021 ला, निवडणुकीच्या सहा दिवस आधी, पोलिसांनी त्यांना त्या जुन्या सोशल मीडियाच्या प्रकरणातच अटक केली.

म्हणजे सह्या हिशेबासाठी झाल्या नाहीत साहेब, 8-2 साठी झाल्या. ती मॅच आम्ही 2-8 च्या जागी 3-2 नं जिंकली असती तर सह्या झाल्या असत्या का? मी स्वतः तरी केली नसती, उगाच खोटं कशाला बोलू.

सिटीचं त्याच्या उलट. 6 फेब्रुवारी 2023 ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं ते आरोप लावले, बहुतेक 2009 पासूनच्या हिशेबाबद्दलचे, क्लबनं सगळे फेटाळले, तो त्यांचा हक्कच आहे. सहा दिवसांनी घरच्या मैदानात मॅच होती तर प्रेक्षकांनी क्लबच्या वकिलाचा बॅनर लावला! गोल करणाऱ्याचा नाही, वकिलाचा. आणि त्याच जूनमध्ये इस्तंबूलला इटलीच्या इंटरला 1-0 हरवून तिन्ही मोठे कप घरी नेले. अशा वेळी कोण विचारणार की बाबा ते आकडे नक्की काय आहेत? लाभांश येतोय ना, झालं तर मग.

लंडनच्या चेल्सीवाल्यांनी तर कमाल केली होती. 5 मार्च 2022, बर्नलीच्या मैदानात युक्रेनसाठी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवालंय आणि चेल्सीचे पाहुणे प्रेक्षक आपल्या रशियन मालकाच्या, अब्रामोविचच्या नावाच्या घोषणा देऊलेत. त्यांचा स्वतःचा कोच टुखेल म्हणाला ही वेळ नव्हे. पाच दिवसांनी ब्रिटिश सरकारनं मालकावर निर्बंध टाकले, तिकीट विकायला सुद्धा बंदी आली, शेवटी क्लबच विकावा लागला. आता त्या पोरांना नावं ठेवणं सोपं आहे पण त्या माणसानं त्यांना कप जिंकून दिले होते, घरात ज्यानं अन्न दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही माणसाला. हे मी समजू शकतो. आमच्या चेअरमननं पण गल्लीतल्या कितीतरी पोरांना नोकरीला लावलं होतं.

सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट मला ग्लासगोच्या रेंजर्सची वाटते, आणि इथल्या ऊसवाल्यांना ती लगेच कळेल. 2011 मध्ये क्रेग व्हाइट नावाच्या माणसानं तो क्लब एक पौंडात घेतला, एक पौंड! अट अशी की बँकेचं सुमारे 1.8 कोटी पौंडाचं कर्ज तू फेडायचं. त्यानं फेडलं, पण कशातून, तर प्रेक्षकांच्या पुढच्या वर्षांच्या सीझन तिकिटांवर एका कंपनीकडून उचल घेऊन. म्हणजे लोकांनी अजून न काढलेल्या तिकिटांचे पैसे आधीच उचलून मोकळा. आपल्याकडं टोळीवाला मुकादम उचल घेतो आणि पुढचा अख्खा हंगाम पोरंबाळं ऊस तोडून ती फेडतात, तोच हिशेब. वर सरकारचा टॅक्स थकला, फेब्रुवारी 2012 मध्ये क्लब बुडीत निघाला आणि स्कॉटलंडच्या चौथ्या दर्जाच्या लीगमधून परत सुरुवात करावी लागली. व्हाइटवर फसवणुकीचा खटला झाला, 2017 मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं, हेही सांगितलं पाहिजे. पण त्या चौथ्या दर्जाच्या पहिल्या घरच्या मॅचला किती लोक आले माहीत आहे? 49,118. ते कुठं पळाले नाहीत. मालक आला तसा गेला, केस संपली, आणि उभं कोण राहिलं तर पब्लिक.

म्हणून मला राग येतो तो आपल्या लोकांचा, त्यात मी पण आलो. केस झाली की दोनच तट पडतात, एक म्हणतो फाशी द्या, दुसरा म्हणतो कटकारस्थान. कोर्टाचं काम कोर्ट करेल की वो. बार्सिलोनाचेच आधीचे अध्यक्ष सांद्रो रोसेल 2017 मध्ये आत गेले, जवळजवळ दोन वर्षं निकालाशिवाय तुरुंगात काढली आणि 2019 मध्ये निर्दोष सुटले, क्लबशी संबंध नसलेल्या प्रकरणात. तेव्हा मी पण चहाच्या गाड्यावर त्यांना चोर म्हणून मोकळा झालो होतो. तो सिटीवाला पोरगा म्हणाला ते रेफ्रींच्या साहेबाचं, नेग्रेइरा प्रकरण घ्या, 2001 ते 2018 बार्सिलोनाकडून स्पेनच्या रेफ्री कमिटीच्या या उपाध्यक्षाला 70 लाख युरोंच्या वर रक्कम गेली, क्लब म्हणतो रेफ्रींवरच्या रिपोर्टांचे पैसे दिले. मॅच फिक्स झाली की नाही ते कोर्ट ठरवेल. पण सभासदानं एवढं तर विचारायला पाहिजे होतं की सतरा वर्षं हे बिल कुठल्या खात्यात टाकत होता? स्पेनच्याच बिलबाओ क्लबच्या प्रेक्षकांनी मार्च 2023 मध्ये मैदानात बार्सिलोनाचं चिन्ह छापलेल्या खोट्या नोटा फेकल्या, त्यावर पुतण्या अजून चिडतो. मी म्हटलं चिडण्यापेक्षा हेच आपल्याच लोकांनी 2005 मध्ये अहवाल उघडून विचारलं असतं तर नोटा छापायची पाळी आली असती काय?

कुणी म्हणेल बेळगावात बसून तुला बार्सिलोनाच्या हिशेबाचं काय पडलंय, तुझी जर्सी खडेबाजारातली डुप्लिकेट, त्यातला एक रुपया त्यांना जात नाही. खरं आहे. पण ऑगस्ट 2022 आठवा. आपल्या भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षांची मुदत 2020 मध्येच संपली, निवडणूक होईना, सुप्रीम कोर्टानं मे महिन्यात प्रशासक समिती नेमली, आणि बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून 15 ऑगस्टला फिफानं भारतावरच बंदी टाकली. अकरा दिवसांत उठली म्हणून आपण विसरलो. गोकुलम केरळच्या मुली मात्र ताश्कंदला पोचल्या होत्या, किट घेऊन, स्पर्धा खेळायला, त्यांना न खेळता परत यावं लागलं. खुर्ची कुणाची आणि शिक्षा कुणाला!

आता तुम्हाला विनंती. क्रीडा पानावर परदेशी फुटबॉल म्हणजे स्कोअर आणि कोण किती कोटीला विकला गेला एवढंच असतं. या केसेस साध्या मराठीत छापा, आरोप काय, क्लबचं म्हणणं काय, पुढची तारीख कधी. आमची पोरं रात्री साडेबाराची मॅच जागून बघतात, तेही वाचतील. आणि इथल्या पावसाळी टूर्नामेंटवाल्यांनी सुद्धा, वर्गणी घेता तर फायनलच्या दिवशी ग्राऊंडवर जमाखर्चाचा एक कागद चिकटवायला काय जातं? आमच्या गल्लीच्या टीमनं यंदा चिकटवायचं कबूल केलंय, वाद घालून का होईना.

पुतण्यानं मला त्या दिवशी शेवटी एकच विचारलं, "काका, तुम्ही पतसंस्थेत कधी हात वर केलात का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. सप्टेंबरात दुसऱ्या सोसायटीची सभा आहे, तिथं मी अजून सभासद आहे. अहवाल आठ दिवस आधी मागून घेतलाय, पान नंबर 14 वर 'इतर खर्च' म्हणून एक आकडा आहे तो काही केल्या लागेना. पुतण्या येतो म्हणालाय बरोबर, जर्सी घालून.

आपला,
एक जुना लेफ्ट बॅक, टिळकवाडी, बेळगाव